पूल ज्याचा, चौकशी त्याच्याकडे नको

प्रश्न थोडक्यात असा आहे: कुंडमळ्याचा पूल पडला, समिती नेमली. त्याआधी घाटकोपरचं होर्डिंग, त्याआधी सीएसएमटीचा हिमालय पूल, त्याआधी महाडचा सावित्री नदीवरचा पूल. दर वेळी समिती, दर वेळी निलंबन, दर वेळी मदतीचे धनादेश, आणि मग ये रे माझ्या मागल्या. तर 'स्वतंत्र चौकशी' म्हणजे नेमकं काय, आणि ती झाली तर पुढची दुर्घटना खरंच टळते का?

टळते. त्याची उदाहरणं आहेत. पण आपण सहसा जिला चौकशी म्हणतो तिच्यामुळे टळत नाही, कारण ती दुसऱ्याच कामासाठी लावलेली असते.

माझी नोकरी पुलांच्या बांधकामात आणि तपासणीत गेली. पुढे काही समित्यांवर तांत्रिक सदस्य म्हणून बसलो. म्हणजे ज्यांची चौकशी होते त्यांच्यातही राहिलो आणि करणाऱ्यांतही.

दुर्घटनेनंतरचे पहिले दोन दिवस आठवून बघा. पोलीस आधी अकस्मात मृत्यूची नोंद करतात, मग गुन्हा दाखल होतो. पूर्वी कलम ३०४ किंवा ३०४ अ, आता भारतीय न्याय संहितेचं १०५ किंवा १०६. खातं विभागीय चौकशी लावतं आणि शाखा अभियंत्याला निलंबित करतं. जिल्हाधिकारी आपली वेगळी लावतात. मंत्री उच्चस्तरीय समिती जाहीर करतात. प्रकरण फारच मोठं असेल तर निवृत्त न्यायमूर्तींचा आयोग येतो. या सगळ्यांना एकच गोष्ट शोधायची असते: जबाबदार कोण? त्यात गैर काही नाही. ज्यांची माणसं गेली त्यांना त्याचं उत्तर मिळायलाच हवं. पण हे का घडलं, आजच का घडलं, आणि अजून कुठे घडण्याच्या बेतात आहे, हा प्रश्न निराळा. त्याला माणसं निराळी लागतात, अधिकार निराळे लागतात. दोन्ही प्रश्न एकाच समितीच्या गळ्यात बांधले की 'कोण' उरतं आणि 'का' मागे पडतं.

हिमालय पुलाचंच बघा. १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी पुलाचा स्लॅब खालच्या रस्त्यावर कोसळला. पूल महापालिकेचा. त्याचं स्ट्रक्चरल ऑडिट काही काळापूर्वीच झालेलं, आणि त्यात पूल ठीक आहे, किरकोळ दुरुस्ती पुरे, असा शेरा होता. ऑडिटर नेमणारी महापालिका, त्याचा अहवाल स्वीकारणारी महापालिका, आणि पूल पडल्यावर चौकशीही महापालिकेच्याच दक्षता विभागाकडे. प्राथमिक अहवाल दुसऱ्याच दिवशी तयार! त्यात बोट दाखवलं गेलं ते बाहेरच्या ऑडिटरकडे आणि पालिकेच्या काही अभियंत्यांकडे. असेलही त्यांची चूक. पण चोवीस तासांत काय काय विचारायचं राहून गेलं असेल याचा विचार करा. ऑडिट करताना वरच्या लाद्या, रंग, प्लॅस्टर काढून आतलं लोखंड पाहायचं, असं कामाच्या अटींत होतं का? त्याचे पैसे दिले होते का? आलेला अहवाल पुन्हा तपासण्याचं काम कोणाचं होतं, आणि त्याच्या टेबलावर त्या आठवड्यात असे किती अहवाल होते? पुढे फेरतपासणी झाली तेव्हा शहरातले आणखी कित्येक पूल बंद करावे लागले. म्हणजे दोष एका माणसाच्या एका शेऱ्यापुरता नव्हता, ऑडिट करण्याची पद्धतच कच्ची होती. ते सांगणारा अहवाल मालकाच्या हातून लिहून होत नाही. तशी अपेक्षाही करू नये.

एल्फिन्स्टन रोडला २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी पादचारी पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. रेल्वेने आपल्याच अधिकाऱ्यांकरवी चौकशी केली आणि अहवालात मुख्य कारण निघालं मुसळधार पाऊस. चिपळूणचं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं. महाराष्ट्रभर त्यावर विनोद झाले. मला मात्र त्यात नेहमीचाच साचा दिसला. मालकाला उत्तर द्यायला लावलं की उत्तर निसर्गाकडे सरकतं, नाहीतर सर्वांत खालच्या माणसाकडे. मधला सगळा भाग, म्हणजे निर्णय, पैसा, विलंब, कागद, सुटून जातो.

आता पुराव्याकडे येतो. स्वातंत्र्याची खरी परीक्षा इथे आहे. अध्यक्ष कोण, यावर वर्तमानपत्रात चर्चा होते. पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत ढिगारा कोणाच्या ताब्यात होता, यावर होत नाही.

लोखंडाचा तुटलेला काप नीट पाहिला तर बरंच सांगतो. त्या दिवशी तुटलेला भाग दाणेदार, चकचकीत दिसतो. आधीपासून तडकलेला भाग काळपट किंवा तांबूस असतो. कधी कधी त्या जुन्या तडीच्या आत रंग सापडतो. तडीच्या आत रंग याचा अर्थ, शेवटची रंगरंगोटी झाली तेव्हा तड होती आणि तिच्यावरून ब्रश फिरला. एवढ्या एका निरीक्षणावरून तपासणीचं वेळापत्रक, रंगकामाचा ठेका, देखरेख करणारा उपअभियंता, सगळं उलगडायला लागतं. पण कोकणातल्या पावसाळी हवेत चकचकीत काप काही तासांतच गंजायला लागतो. दोन दिवसांनी जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे सांगणं अवघड होतं, आठवड्याने जवळजवळ अशक्य.

आणि या काळात जागेवर काय चाललेलं असतं? माणसं अडकलेली असतील तोवर गॅस कटर कुठेही चालवा, त्याबद्दल दुमत नाही. पण शेवटचा माणूस बाहेर काढल्यावरही रात्रभर जेसीबी चालू राहतो, कारण 'सकाळपर्यंत रस्ता मोकळा करा' असा वरून आदेश असतो. कटरवाला गडी नेमका तुटलेल्या जागेपाशीच कापतो, त्याला तिथे सोपं जातं. तुकडे डंपरमध्ये जातात आणि खात्याच्या यार्डात किंवा थेट भंगारात पोचतात. समितीचं पत्र निघतं चौथ्या दिवशी. समिती जागेवर जाते दहाव्या दिवशी, आणि तिथे धुतलेला रस्ता असतो.

काम फार अवघड नाही. प्रत्येक मोठ्या तुकड्याला ऑइलपेंटने क्रमांक टाकायचा. टेप धरून फोटो, वरून ड्रोनचे फोटो. तुटलेल्या जागेपासून दोन हात सोडूनच कापायचं. कापाच्या तोंडांना तेल लावून, प्लॅस्टिकमध्ये बांधून कुलपात ठेवायचं, आणि किल्ली पूल ज्याचा आहे त्याच्याकडे द्यायची नाही. दगडी कमानीच्या पुलात लोखंड नसतं, तिथे पायाभोवतीची नदी मोजायची. महाडचा तो १९२८ चा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री गेला, दोन एसट्या आणि खासगी गाडी घेऊन. त्या वर्षी मे महिन्यात पाहणी झाली होती आणि पूल वाहतुकीला योग्य ठरला होता, असं सरकारकडून सांगितलं गेलं. मी ते खोटं म्हणणार नाही. पण पुराच्या पाण्याने पायाखालचा थर खरवडून नेला असेल तर ते वरून डोळ्यांनी दिसत नाही. त्यासाठी पाण्याखालची पातळी मोजावी लागते, पाणबुड्या उतरवावा लागतो. तेव्हा पाहणी झाली होती का, हे विचारून फार हाती लागत नाही. पाहणीत काय दिसू शकत होतं, हे विचारायला हवं.

कागदांचंही तेच. तपासणी नोंदवही, मोजमाप पुस्तिका, निविदेची नस्ती, आवक-जावक रजिस्टर आणि हल्ली कार्यालयाचा व्हॉट्सॲप ग्रुप: हे सगळं पहिल्याच संध्याकाळी ताब्यात घ्यायला हवं. जावक रजिस्टरात १२४७ आणि १२४८ यांच्यामध्ये '१२४७ अ' असा क्रमांक दिसला, आणि त्या क्रमांकाने 'पूल धोकादायक असल्याबाबत' वरिष्ठांना पत्र गेल्याची नोंद असली, तर ती कधी झाली हे ओळखायला हस्ताक्षरतज्ज्ञ लागत नाही. पण रजिस्टर तिसऱ्या आठवड्यात, तेही झेरॉक्सच्या रूपात मिळालं, तर कोणी काही सिद्ध करू शकत नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. इंग्लंडमध्ये शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानात १५ एप्रिल १९८९ ला गर्दीत चिरडून ९७ प्रेक्षक गेले. न्यायमूर्तींची चौकशी झाली, ती बऱ्यापैकी चांगलीही होती. तरी पोलिसांच्या जबान्या सादर होण्याआधी बदलल्या गेल्या हे उघड्यावर यायला २०१२ उजाडावं लागलं. स्वतंत्र पॅनेलने सगळे कागद बाहेर काढले तेव्हा १६४ जबान्यांत फेरफार सापडले. त्यांतल्या ११६ मध्ये पोलिसांना अडचणीचा मजकूर काढून टाकलेला होता. घरच्यांनी तेवीस वर्षं पाठपुरावा केला नसता तर तेही झालं नसतं.

माणसांच्या जबानीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण बाहेरच्यांना याची कल्पना नसते.

एका चौकशीत एका कनिष्ठ अभियंत्याला आम्ही बोलावलं. निलंबित, गुन्ह्यात नाव, वकिलाने पढवून पाठवलेला. प्रत्येक प्रश्नाला उत्तर एकच: 'नोंदीप्रमाणे आहे.' टिपणी बंद झाल्यावर, चहाच्या वेळी, तो आपणहून बोलला. पुलाखाली जाऊन बघायला जे तपासणी वाहन लागतं ते संपूर्ण विभागात एकच होतं आणि महिनोन् महिने मिळत नव्हतं. मग काठावर उभं राहून दुर्बिणीने पाहिलं आणि तक्त्यात 'सुस्थितीत' लिहिलं. रकाना रिकामा ठेवला तर कारणे दाखवा नोटीस येते. पुढची दुर्घटना टाळायची असेल तर त्या संपूर्ण प्रकरणातलं सर्वांत मोलाचं वाक्य हेच होतं. वाहन एकच आहे, आणि रिकाम्या रकान्याला शिक्षा आहे. पण ते अहवालात घालता आलं नाही. घातलं असतं तर त्याचा जामीन गेला असता, आणि वाहन न देणारे तसेच राहिले असते.

विमान अपघातांच्या चौकशीत ही गाठ फार पूर्वी सोडवली गेली. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक करारातलं परिशिष्ट १३ हे १९५१ चं. त्याचं सूत्र असं की चौकशीचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणं हा आहे, दोष किंवा दायित्व ठरवणं नाही. भारताच्या २०१७ च्या नियमांतही हेच आहे. जबान्या त्या कामापुरत्याच. गुन्ह्याचा तपास पोलीस आपल्या हिमतीवर करतात. प्राथमिक अहवाल तीस दिवसांत. अहमदाबादचं विमान १२ जून २०२५ ला पडलं आणि प्राथमिक अहवाल बरोबर महिन्याने आला. तो आल्यावर वाहिन्यांनी वैमानिकांवर निकाल देऊन टाकला, हा भाग सोडा. अहवालाने स्वतः कारण सांगितलेलं नव्हतं, हाती आलेल्या वस्तुस्थितीपुरतंच तो बोलला होता. प्राथमिक अहवाल असाच असायला हवा.

आमच्याकडे १९५२ चा चौकशी आयोग कायदा आहे आणि त्याच्या कलम ६ मध्ये साक्षीदाराला काहीसं असंच संरक्षण दिलेलं आहे: आयोगापुढचं त्याचं निवेदन त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, खोटी साक्ष दिली तर गोष्ट वेगळी. कागदावर उत्तम. पण आयोग बसेपर्यंत माणूस आठ महिने कोठडी-जामीन-निलंबन यांत फिरलेला असतो. कलम ६ समजावून सांगून त्याला बोलतं करणं सोपं नाही.

यावर लगेच आक्षेप येतो: मग दोषी सुटणार का? सुटणार नाहीत. तुटलेलं लोखंड, नोंदवह्या, फोटो, चाचण्यांचे निकाल पोलिसांनाही मिळतील, मिळायलाच हवेत. फक्त माणसाने कारण-चौकशीत विश्वासाने सांगितलेलं त्याच्या आरोपपत्रात जाणार नाही. आज काय होतं? जबानीही मिळत नाही आणि शिक्षाही क्वचितच होते.

आपल्या देशात या बाबतीत सर्वांत जुनी आणि सर्वांत शहाणी व्यवस्था कोणाकडे आहे, असं विचारलं तर लोकांना आश्चर्य वाटतं. ती रेल्वेकडे आहे. रेल्वे सुरक्षा आयुक्त हे पद रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नाही, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहे. मुद्दामच. १९४१ मध्ये तपासणीचं काम रेल्वे बोर्डापासून तोडलं गेलं, कारण गाड्या चालवणाऱ्यानेच आपल्या अपघाताचा निवाडा करू नये हे तेव्हाच्या लोकांना कळलं होतं. (गंमत म्हणजे विमानांची चौकशी करणारा विभाग त्याच विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहे, आणि विमान कंपन्यांवर नियंत्रण ठेवणारं महासंचालनालयही. रेल्वेला लावलेला शहाणपणा तिथे लावला नाही.)

ओडिशातल्या बहानगा बाजारचा अपघात घ्या, २ जून २०२३. कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला, पण रूळ बदलणारा सांधा बाजूच्या लूप लाइनकडे वळलेला होता. तिथे मालगाडी उभी. २९० हून अधिक माणसं गेली. घातपाताची चर्चा, सीबीआय, अटका, हे सगळं झालंच. पण रेल्वे सुरक्षा आयुक्तांचा अहवाल महिन्याच्या आत आला, आणि तो 'कोण'पाशी थांबला नाही. पूर्वी कधीतरी सिग्नलच्या सर्किटमध्ये बदल झाला होता, तारांवरची नावं चुकीची राहिली होती. ती चूक वर्षानुवर्षं तशीच पडून होती, आणि फाटक क्रमांक ९४ चं बॅरिअर बदलण्याच्या कामात ती जिवावर उठली. मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. त्याच दक्षिण-पूर्व रेल्वेच्या खडगपूर विभागात, बांकडा नयाबाज स्थानकात, १६ मे २०२२ ला चुकीच्या वायरिंगमुळे असाच प्रकार घडला होता. तेव्हा कोणी मेलं नाही. अहवाल स्पष्ट म्हणतो की त्या वेळी चुकीच्या वायरिंगवर उपाय केला असता तर बहानगा घडलं नसतं.

'कोणी मेलं नाही' अशा घटनेची चौकशी आमच्या पुलांच्या, धरणांच्या, इमारतींच्या जगात होतच नाही. स्लॅबचा तुकडा रात्री पडला, खाली कोणी नव्हतं, सकाळी सिमेंट थापलं, संपलं. खरं तर चौकशी करणाऱ्यासाठी ही सर्वांत सोन्यासारखी घटना असते: पुरावा जागेवर, दबाव नाही, वकील नाहीत.

रेल्वेची व्यवस्थाही अपुरी आहेच. आयुक्त रेल्वेच्याच सेवेतून येतात, त्यांच्या शिफारशी बंधनकारक नाहीत. तरी त्यांचं कार्यालय कायमचं आहे, हे मोठं. अपघात झाला की नेमणुकीचा शासन निर्णय निघायची वाट बघावी लागत नाही.

आयोगांचं नेमकं उलट. पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटलं. चौकशी न्या. बावडेकरांकडे दिली, काम चालू असतानाच त्यांनी आत्महत्या केली, आणि पुढे न्या. नाईक आयोगाने ती पुरी केली. पुण्यात माझ्या आधीच्या पिढीचे अभियंते हे आजही दबक्या आवाजात सांगतात. सगळी जबाबदारी एका माणसाच्या खांद्यावर टाकायची ही पद्धतच मला पटत नाही. गुजरातेत मोरबीजवळचं मच्छू-२ धरण ११ ऑगस्ट १९७९ ला फुटलं. आयोग नेमला, आणि काम पुरं होण्याआधीच सरकारने तो गुंडाळला. कायद्यात त्याची सोय आहे. कलम ७ प्रमाणे आयोग नेमणारं सरकार तो संपवूही शकतं. ज्याच्या कारभाराची चौकशी, त्याच्याच हातात बंद करण्याचं बटण! त्याच मोरबीत ३० ऑक्टोबर २०२२ ला झुलता पूल पडला, १३५ माणसं गेली. विशेष तपास पथकाला एका मुख्य केबलच्या ४९ तारांपैकी २२ आधीच गंजलेल्या आढळल्या. दुरुस्ती करून पूल नुकताच उघडला होता आणि जुनी केबल तशीच ठेवली होती.

न्यायमूर्तींबद्दल माझा आक्षेप नाही, साक्षी तपासण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. पण पहिल्या दिवशी गंजाचा काप ओळखणारा माणूस लागतो, आणि तो आयोगाच्या कार्यालयात टेबल-खुर्च्या येईपर्यंत थांबू शकत नाही.

बरं, तांत्रिक संस्थेकडून काम करून घेतलं की भागलं का? घाटकोपरच्या होर्डिंगचं बघा. १३ मे २०२४ ला ते पडलं, १७ माणसं गेली. व्हीजेटीआय या मुंबईच्या अभियांत्रिकी संस्थेने पाया तपासला: ताशी ४९ किलोमीटरचा वारा झेलण्याइतका तो होता, लागायला हवा होता १५८ साठी, आणि त्या दिवशी वारा होता ८७. इतकं स्वच्छ उत्तर क्वचित मिळतं. पण ४० बाय ४० फुटांची मर्यादा असलेल्या शहरात १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग हमरस्त्याच्या कडेला, सगळ्यांना रोज दिसत, उभं कसं राहिलं? जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली, नियम महापालिकेचे, आणि पालिकेची परवानगी आम्हाला लागत नाही असा दावा. या फटीत अजून काय काय उभं आहे? हे विचारणं प्राध्यापकांच्या कार्यकक्षेत नव्हतं. कार्यकक्षा ठरवणाऱ्याकडे खरी सत्ता असते, आणि कार्यकक्षा ठरवतं सरकार.

आता दोन दुर्घटना शेजारी ठेवा. एल्फिन्स्टनला नव्या पुलाची मंजुरी आधीच मिळालेली होती. कुंडमळ्याला, १५ जून २०२५ च्या रविवारी, इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला आणि चौघं गेले, तेव्हा धोक्याचा फलक लागलेला होता आणि नव्या पुलाला निधी मंजूर झालेला होता. दोन्हीकडे माणसं मेली ती मंजुरी आणि काम यांच्या मधल्या काळात. धोका मान्य आहे, कागदावर आहे, पैसाही आहे, पण जुनी वास्तू उघडी आहे. या मधल्या काळात जबाबदारी कोणाची, गर्दी कोणी अडवायची, बंद करण्याचा अधिकार कोणाला आणि बंद केल्यावर शिव्या कोण खाणार? पाच वेगवेगळ्या खात्यांच्या पाच समित्यांना हा धागा कधीच दिसणार नाही. प्रत्येकीपुढे एकच पूल असतो.

म्हणून राज्याला एक छोटी, कायमची, कायद्याने उभी केलेली यंत्रणा हवी. विधिमंडळाला उत्तर देणारी, सार्वजनिक बांधकाम किंवा नगरविकास खात्याला नाही. पगारी तज्ज्ञ थोडेच: पूल-इमारती, धरणं, आग, गर्दी. बाकीचे गरजेप्रमाणे, शक्यतो राज्याबाहेरून. कारण महाराष्ट्रातला बहुतेक प्रत्येक सल्लागार आणि बरेच प्राध्यापक याच खात्यांच्या कामावर चालतात, त्यांच्याकडून धन्याविरुद्ध लिहिण्याची अपेक्षा करणं त्यांच्यावरही अन्याय आहे. जागा सील करण्याचा अधिकार पहिल्या तासापासून. महिन्याच्या आत वस्तुस्थिती, वर्षाच्या आत अहवाल, आणि सरकारने तो पटलावर ठेवो न ठेवो, ठरल्या दिवशी यंत्रणेने स्वतःच प्रसिद्ध करायचा. मृतांच्या घरच्यांना अहवाल वर्तमानपत्राच्या आधी, आणि मसुद्यावर प्रश्न विचारण्याचा हक्क. तिवरेच्या गळतीसारखी माहिती गावकऱ्यांकडेच असते.

अहवालानंतर काय, यावर सगळं अवलंबून आहे. अमेरिकेत ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज १५ डिसेंबर १९६७ ला संध्याकाळच्या गर्दीत पडला, ४६ माणसं गेली. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळ तेव्हा जेमतेम काही महिन्यांचं. त्यांनी नदीतून तुकडे काढून काठावर पुन्हा जुळवले आणि शेवटी एका आयबारमधली (पूल तोलणाऱ्या साखळीतल्या, टोकाला भोक असलेल्या लोखंडी पट्टीतली), साधारण अडीच मिलिमीटर खोल तड सापडली. सांधा उकलल्याशिवाय ती दिसणंच शक्य नव्हतं. म्हणजे कोणाला फासावर चढवावं असं त्यात काही नव्हतं. पण त्याच घडणीचा दुसरा पूल त्याच नदीवर वरच्या अंगाला होता, तो लगेच बंद केला आणि पुढे पाडला. शिवाय देशभर पुलांची ठरावीक मुदतीने तपासणी करण्याचे राष्ट्रीय नियम १९७१ मध्ये आले. आज त्या मंडळाने परिवहन खात्याला शिफारस केली की नव्वद दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं: मान्य, अमान्य, आणि अमान्य असेल तर का. मंडळाला आदेश देण्याचा अधिकार नाही. तरी बहुसंख्य शिफारशी मान्य होतात, कारण नाकारणाऱ्याचं नाव कागदावर राहतं.

आणि जिथे ही शेवटची कडी नसते तिथे चांगली चौकशीही वाया जाते. लंडनच्या लाकानल हाउस या इमारतीला ३ जुलै २००९ ला आग लागली, सहा जण गेले. इमारतींच्या अग्निसुरक्षेच्या मार्गदर्शक नियमांचा फेरविचार करा, असं कॉरोनरने, म्हणजे मृत्यूंची चौकशी करणाऱ्या तिथल्या अधिकाऱ्याने, २०१३ मध्ये सरकारला लिहिलं. ते रेंगाळलं. १४ जून २०१७ ला ग्रेनफेल टॉवर जळाला, ७२ जण गेले. ग्रेनफेलच्या अंतिम अहवालातली एक शिफारस अशी आहे की अशा सगळ्या शिफारशींची आणि त्यांचं पुढे काय झालं याची नोंदवही सरकारने लोकांना बघता येईल अशी ठेवावी. इतक्या साध्या गोष्टीपर्यंत यायला त्यांना इतकी वर्षं लागली.

अशी नोंदवही महाराष्ट्राला कायद्याची वाट न बघता उद्या सुरू करता येईल. पानशेतपासून मांढरदेवीच्या चेंगराचेंगरीपर्यंत आणि तिवरेपासून घाटकोपरपर्यंत: समिती कोणती, शिफारस काय, खातं कोणतं, उत्तर काय.

तोवर आपल्यासारख्यांच्या हातात माहिती अधिकार आहे. दुर्घटनेनंतर लगेच तीन कागद मागा: समिती नेमल्याचा शासन निर्णय (त्यात कार्यकक्षा आणि मुदत असते), त्या वास्तूचे शेवटचे तपासणी अहवाल, आणि धोक्याबाबत आलेल्या तक्रारींची आवक नोंद. चौकशी आयोग असेल तर अहवाल मिळाल्यापासून सहा महिन्यांत कृती अहवालासह विधिमंडळापुढे ठेवणं कायद्याच्या कलम ३(४) प्रमाणे सरकारवर बंधनकारक आहे. ती तारीख मोजा आणि आपल्या आमदाराला विचारा. 'तपास चालू आहे' म्हणून माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ज) खाली नकार येईल, हे धरूनच चाला. तपास चालू असणं एवढंच कारण पुरेसं नाही, माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येतो हे दाखवावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगतसिंग प्रकरणात म्हटलं आहे. नकार हातात पडल्यापासून तीस दिवसांत पहिलं अपील करा आणि त्यात हा निकाल नावानिशी लिहा.